मासळी म्हणजे मांस न्हाय

“ब्लड प्रेशर फार वाढलंय,” भाईंदरचे गुजराती डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्ताचा दाब. “मांस बंद. भाजीपाला, कडधान्यं खा. मीठ कमी. नाहीतर डोक्यातली शीर फुटेल.”

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. माझा नवरा इनास आमच्या पाली गावात मासेमारीच्या होडीवर जायचा. चाळिशीचा धट्टाकट्टा गडी, दोन दिवस डोकं धरून बसलेला. ऐकून मी गारच पडले.

पण मांस बंद करणं आम्हा ख्रिस्ती लोकांना नवीन थोडंच! ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपास, तेव्हा मटण-कोंबडीला शिवत नाही, मासळी मात्र चालते. मी तेच पथ्य धरलं. दोन्ही वेळेला खारवलेली सुरमई नाहीतर बांगडा, वरून मीठ न घालता. वर शेजारणींना ऐकवायची, “आमच्याकडं पथ्य एकदम कडक हाय हां!”

तीन महिन्यांनी इनासचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. स्ट्रोक, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटणं. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात अठरा दिवस काढले. मी बाहेर बाकावर बसून रोझरीची माळ ओढायची.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “घरी काय जेवतात?” मी तोऱ्यात सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो बाई, खारवलेली मासळी म्हणजे नुसतं मीठ! आता काही महिने भाजीच द्या.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याच हातांनी भरवलं होतं ना! कुणापाशी बोलले नाही. बायांनो, म्हणून सांगते, आपल्या चुलीवर काय शिजतं ते डॉक्टरला आधी सांगा, मग पथ्य विचारा.

घरी आल्यावर विहिरीकाठी माठ, दुधी, वाल लावले. इनास चिडायचा. “मी काय बकरा हाय, पाला खायला?” मी ओलं खोबरं, चिंच घालून वालाचं कालवण करायची. हळूहळू तोच मागायला लागला. दाब उतरला, सहा महिन्यांत उजव्या हातानं भाकरी मोडायला लागला, बारीक काम मात्र डाव्यानंच.

त्याच्यासमोर कशी खाऊ, म्हणून मीही मासळी सोडली. कुणी विचारलं की म्हणायची, “मन उडालंय.” कसलं उडतंय! पापलेटाचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटायचं.

एका रविवारी मी चर्चमधून आले तर इनास चुलीपाशी. पापलेटाचं कालवण रटरटतंय. त्यानं माझ्या ताटात वाढलं, स्वतःला दुधीची भाजी घेतली.

“खा गो,” तो म्हणाला. “तुजी चूक न्हवती.”

मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं. रडत रडत जेवले, आणि तो डाव्या हातानं एकेक काटा काढून देत राहिला.