दादाने तेलाची टाकी धुतली

आमच्या दादाला घाण दिसली की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. कौतुक म्हणून सांगत नाही मी. त्याच्या शेजारी बसून एकदा जेवून बघा. तुमचा घास तोंडात जायच्या आत तो फडक्याने टेबल पुसून मोकळा. वहिनी म्हणायची, "बरं झालं, यांना लष्कराने पदरात घेतलं. मी एकटीने किती सोसलं असतं?"

लष्कराच्या वाहन डेपोत ट्रक धुवायच्या आवारावर तो मुकादम होता. गणवेशातला नव्हे, साधा नागरी कर्मचारी. पण पट्ट्याचं बक्कल जवानांपेक्षा चकचकीत. सगळे त्याला 'चकाचक' म्हणायचे. साहेब येणार असं नुसतं कानावर आलं तरी तिथे दगडांना चुना लागायचा, नळाच्या तोट्या घासल्या जायच्या. आमच्या दादाला आणखी काय हवं?

धाकटा भाऊ अगदी उलट. डेपोच्या भिंतीपलीकडून ओढा वाहतो, त्याच्या खालच्या अंगाला त्याने तळं खणून मासे पाळले होते. नखांत चिखल, अंगाला वास. "आंघोळ केलीस का रे?" असं दादा दारातच विचारायचा, आणि हा मुद्दाम जाऊन त्याला मिठी मारायचा. वडील गेल्यावर दादानेच त्याला वाढवलं. तळं खणायलासुद्धा रजा काढून दादाच फावडं घेऊन उभा होता. त्या तळ्यावर धाकट्याचं सगळं घर चालायचं, दुसरा आधार नव्हता.

डेपोच्या आवारात तेल अडवायची एक टाकी होती. ट्रक धुतले की काळं पाणी तिच्यात यायचं, तेल वर तरंगायचं, खालचं पाणी भिंतीतल्या नळाने ओढ्यात जायचं. वरचं तेल काढून पिंपात भरायचं. म्हणजे टाकी घाण दिसली की समजायचं, ती आपलं काम करतेय. दादाला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण एकदा प्रदूषण खात्याचा निरीक्षक येणार असं कळलं. दादाने टाकीचं झाकण उघडलं आणि ती काळी साय त्याला बघवेना. सरकारी माणसाला असलं दाखवायचं? पिंपं तर आधीच भरलेली. त्याने बंबाचा पाइप लावला आणि नितळ पाणी येईपर्यंत टाकी धुऊन काढली. वर साबण लावून कडा घासल्या. अहो, अक्कल गहाण ठेवली होती की काय! मोठ्या साहेबांनी तर पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आला. त्या लखलखीत टाकीत वाकून त्याने एकच विचारलं, "यातलं तेल कुठे गेलं?"

मोठे साहेब दादाकडे बघायला लागले. दादाची पाचावर धारण बसली. "मागच्या खड्ड्यात ओतलं, साहेब," तो म्हणाला. "आवारातच. बाहेर थेंब गेला नाही."

धडधडीत खोटं. पण मागे जुना खड्डा होता, त्यात जुनं तेलही होतं, त्यामुळे ते खपून गेलं. डेपोला दंड झाला तो टाकी नीट न सांभाळल्याचा. ओढ्याचं नावही निघालं नाही. दादाची नोकरी वाचली.

तळं नाही वाचलं. त्याच संध्याकाळी मी गेले तर सगळे मासे पोट वर करून तरंगत होते आणि धाकटा काठावर बसला होता. थोड्या वेळाने दादा आला. "काहीतरी रोग पडला असेल," एवढंच म्हणाला, आणि उघड्या हातांनी मेलेले मासे गोळा करून पुरायला लागला. आमचा दादा, उघड्या हातांनी! भावासाठी किती जीव तुटतो याचा, असं वाटून मला भरून आलं. काय मूर्ख मी!

तळं बंद पडलं. धाकटा मासळी बाजारात दुसऱ्याचे मासे विकायला लागला. दादाने त्याच्याकडे जाणंच सोडलं. आम्हाला वाटायचं, वय झालं की माणूस घुमा होतो.

निवृत्त झाल्यावर तो एकदा माझ्याकडे आला आणि सगळं ओकला. मी त्याला असं फैलावर घेतलं की बास. "आत्ता सांगतोस? तो कामासाठी दारोदार फिरला तेव्हा तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"खात्यात जाऊन खरं सांगतो," तो म्हणाला. "डेपोला पुन्हा दंड होऊ दे, माझं पेन्शन गेलं तर जाऊ दे. त्याला भरपाई मिळाली पाहिजे."

मीही सोबत गेले. निरीक्षक तोच होता, आता वरच्या खुर्चीत. त्याने सगळं ऐकून घेतलं. "मला तेव्हाच संशय आला होता," तो म्हणाला. "मी तळ्यावर गेलो होतो. पाण्यावर तेलाचा तवंग स्पष्ट दिसत होता. पण तुमचे भाऊ म्हणाले, औषध जास्त पडलं, मासे माझ्याच हातून मेले. किती विचारलं तरी माणूस हटेना. मग मी काय करणार? आता तर भरपाई मागायची मुदतही संपली."

दादाने टेबलाची कड घट्ट धरली. तिथून आम्ही तडक बाजार गाठला.

धाकटा गिऱ्हाइकांच्या गराड्यात होता. दादा चिखलातून, खवल्यांतून सरळ त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. "तुला माहीत होतं?"

"भिंतीतल्या नळातून तेल येत होतं आणि वर साबणाचा फेस," धाकटा म्हणाला. "तिथे टाकीला साबण लावणारा माणूस एकच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी नोकरी गेली असती."

दादा भर बाजारात रडायला लागला. "चुकलो रे मी. घाबरलो."

मला दोघांनाही बदडून काढावंसं वाटत होतं, आणि रडूही आवरत नव्हतं.

"तळ्याचं मी केव्हाच सोडून दिलं," धाकटा म्हणाला. "मासे पुरताना वाटलं, आता सांगशील. मग वाटलं, उद्या येशील. फार दिवस दाराकडे बघायचो, दादा." त्याने हात फडक्याला पुसले. "आता नाही बघत."

आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगायला लागला.