दुपट्यातला पांढरा सदरा

हिवरखेडात इंदूबाईच्या हातची गोधडी नाही असं घर शोधावं लागेल. पण स्वतःच्या नातवाचं दुपटं मांडताना तिचा हात तीन दिवसांपासून ठरत नव्हता. लेक नीलमला अकोल्यात मुलगा झाला होता. रविवारी त्याचं नामकरण, आणि आज शुक्रवार.

ओसरीवर तुकडे पसरले होते. गडद रंग कडेला, उजळ आत. लालाशेजारी हिरवा नको, दोघं भांडतात. मांडणी झाली की ती उंबऱ्यावर उभी राहून डोळे बारीक करायची. चुकलेला तुकडा मग बाकीच्यांतून आपोआप नजरेपुढे येतो. आज मात्र मधला चौकोनच रिकामा होता. तिनं पिवळा ठेवून पाहिला, उचलला. फुलाफुलांचा ठेवला, तोही उचलला. भरलेल्या माठात पाणी ओतून आली. पुन्हा बसली.

तिथे काय हवं ते तिला ठाऊक होतं. मांडीवर घडी घातलेला देवमनचा पांढरा सुती सदरा. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. चौदा एप्रिल असो, कुणाचं लग्न असो, तो हाच घालायचा. धुऊन धुऊन असा मऊ झाला होता, की बाळाच्या अंगाला टोचला नसता. पण मागं राहिलेला हा एकच. मुलानं, नागसेननं, तो कपाटात जपून टांगला होता, आणि तिनं त्याला न विचारता काढला होता. कात्री एकदा चालली की सदरा परत होत नाही.

तेवढ्यात नागसेन कामावरून आला. मांडीवरचा सदरा पाहून दारातच थांबला.

"आई, हा काहून काढला?"

"मधात लावाले."

"बाबाची एवढीच एक वस्तू राह्यली. अन् त्याच्यावर थे पोरगं मुतन."

"बरं," म्हणून इंदूबाईनं कात्री खाली ठेवली. सदऱ्याची बाही सरळ केली. मग हात थांबला.

"तू मुतला होता," ती म्हणाली.

"काय?"

"याच सदऱ्यावर. दीड वर्साचा होता. जयंतीच्या मिरवणुकीत खांद्यावर बसला होता बापाच्या. मी म्हटलं, घरी चाला, सदरा बदला. तर म्हणे, 'वायन की उन्हानं. पोराची पह्यली मिरवणूक हाय.' तसेच ओले विहारापर्यंत गेले."

"हे मले कधी सांगतलं नाही तू."

"तू इचारलं कधी?"

नागसेन पायातल्या चपला न काढताच खाली बसला. सदऱ्याच्या खिशावरून त्यानं बोट फिरवलं.

"खिसा कापू नको," तो म्हणाला. "अख्खा येऊ दे मधात."

"दुपट्याले खिसा? काय ठेवन त्यात थो?"

"ठेवन काही तरी."

तिनं कात्री घेतली. पहिली चीर पडताना दोघांनीही सदऱ्याकडे पाहिलं नाही. खिशाचा चौकोन मधोमध बसला. भोवती तिनं निळे तुकडे लावले, उंबऱ्यावर गेली, डोळे बारीक केले. एकही तुकडा पुढे आला नाही.

वळून पाहते तर नागसेन कोपऱ्यातला लाल तुकडा हळूच उजवीकडे सरकवत होता.

"हात काढ," इंदूबाई म्हणाली. "तुहा बाप बी असाच मधात मधात करे."