धाकटीची जागा

आमच्या भागातली स्मशानभूमी इतकी देखणी आहे, की शेजारच्या उपनगरातले लोक मरायच्या आधी पत्ता बदलून घेतात. निदान मी पाहुण्यांना तसंच सांगतो. हिरवळ अशी, की रडत आलेल्या माणसाच्या तळपायाला गुदगुल्या व्हाव्यात. बकुळीची रांग, दगडी बाक, लाल पायवाट. सकाळी तिथे हास्यक्लब भरतो. चितेची शेड जवळच, म्हणून बिचारे हळू हसतात.

मी नऊ वर्षांचा असताना पहिल्यांदा गेलो, तेव्हा यातलं काही नव्हतं. टेकडीच्या पायथ्याची खडकाळ जागा आणि मागच्या बाजूला लहान मुलांचा तुकडा. दात न आलेलं मूल आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. माझी धाकटी बहीण चार महिन्यांची होऊन गेली. तिरडी नाही, काही नाही. बाबांच्या हातांवर ती, माझ्या हातात मिठाची पिशवी, बरोबर चाळीतले दोन शेजारी. बायकांनी स्मशानात जायचं नाही, म्हणून आई दारातच राहिली.

परत आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "खंय ठेवलात तिका?"

बाबा बोलले नाहीत. तेव्हाही नाहीत, पुढे मरेपर्यंत नाहीत. मग मी बोललो. मला जागा धड आठवत नव्हती, पण आई माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हटलं, एका झाडाखाली. पुढच्या वर्षी त्याच दिवशी तिनं न जेवता ताट सरकवलं, तर मी गोष्टीतल्या त्या झाडाला फुलं आणली. त्याच्या पुढच्या वर्षी पोपटांची जोडी. असं करत करत झाड एवढं वाढलं, की त्याची सावली पार पवईच्या तलावावर पडायला लागली. आई ऐकायची आणि दोन घास खायची. म्हणून मी थांबलो नाही.

आता आई ब्याऐंशीची आहे. डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल बोलायला मला बाहेर बोलावलं. आणि बाग झाल्यापासून बायकाही सकाळी तिथे चालायला जातात, जुना नियम कोणाला आठवतही नाही. आई म्हणाली, "माका एकदा ने. तिच्या जागेवर वाटीभर दूध घालीन. मगे मी मोकळी."

त्या आठवड्यात रोजच्या फिरण्याशिवाय जागा शोधायला मी चार चकरा मारल्या. कुंपण बदललेलं, उतार सपाट झालेला. शेवटी तिथल्या एका जुन्या कामगाराला गाठलं.

"पोरांचा तुकडा?" तो म्हणाला. "काका, तो कधीच गेला. बाग करताना ठेकेदारानं तिकडची माती उकरून सगळीकडे पसरली. ही हिरवळ काय उगाच आलीय?"

मी त्या हिरवळीवरच उभा होतो, बुटांसकट. उडी मारून पायवाटेवर आलो. कितीतरी वर्षं मी रोज सकाळी तिथून फिरत होतो.

खरं सांगायची ती वेळ होती. मी त्याऐवजी बकुळींतली सगळ्यात जाड बुंध्याची बकुळ निवडली.

रविवारी आईला रिक्षानं नेलं. इस्त्रीची साडी, मांडीवर दुधाचा डबा. झाडापाशी पोचलो तशी तिनं बुंध्यावर हात ठेवला. मग नखानं साल जरा खरवडली, वर पाहिलं.

"ह्या झाड पंधरा वर्षांचा पण नाय," ती म्हणाली. "मेल्या, माझा लहानपण झाडांत गेला. माका शिकवतंस?"

 

"आई, मला जागा आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हती." आणि मग मातीचंही सांगून टाकलं.

ती बाकावर बसली. डबा उघडला नाही. समोरच्या हिरवळीवर कुठे नजर ठेवावी तेच तिला कळत नव्हतं. मग म्हणाली, "आणि तुझे बाबा? रडले काय रे तेव्हा?"

या एका बाबतीत मी कधी गोष्ट रचली नव्हती. परतताना बाबांनी माझं मनगट दाबून सांगितलं होतं, घरी बोलायचं नाही.

"रडले, आई. त्यांना फावडं धरता येईना, शेजाऱ्यांनी घेतलं. टॉवेल तोंडात कोंबून रडले."

ती माझ्याकडे बघत राहिली. पोपटांची जोडी ऐकताना बघायची, तशीच.

"तिची शपथ, आई."

"पुरे," ती म्हणाली. "चल, ऊन चढला." उठताना तिनं बाकाचा आधार घेतला, माझा नाही.

रिक्षा सिग्नलला थांबली. मग रस्त्याकडे बघतच तिनं विचारलं, "टॉवेल खंयच्या रंगाचो होतो?"

मी डोळे मिटून शोधलं. बाबांचे खांदे दिसत होते, मीठ दिसत होतं. टॉवेलला रंगच नव्हता; एखादा रचून सांगणं सोपं होतं.

"आठवत नाही, आई."

"व्हय," ती म्हणाली आणि पदर तोंडावर ओढून घेतला.