मोरचूद आणि उस्मानमियाँ

उस्मानमियाँ दवाखान्यात आले की स्वतःच्या डोळ्यांआधी आमची पाटी तपासायचे. "या 'डोळ्यां'तला 'ळ' बघा, कंपाउंडरसाहेब. पोट दुखतंय बिचाऱ्याचं. आधी त्याला औषध द्या." पाटीला नावं ठेवायचा त्यांना हक्कच होता. नाशिकच्या भांडीबाजारात ते तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावं घालत. तीस-पस्तीस सालच्या सुमाराला गावातल्या निम्म्या घरांतल्या घागरींवर त्यांचं अक्षर होतं.

भद्रकालीजवळच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आमचे डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले. ही गोष्ट ते रोग्याचं नाव विचारण्याआधी सांगत. निदानाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सकाळी दहापर्यंत येणाऱ्यांना खुपरी, दहानंतर येणाऱ्यांना जास्त खुपरी. मियाँचे लाल, पाणावलेले डोळे त्यांनी उभ्या उभ्याच पाहिले आणि फर्मान सोडलं, "खुपरी. मोरचूद लावा."

म्हणजे मी पापणी उलटायची आणि आतल्या खुपऱ्या पुरळावर मोरचुदाचा निळा खडा घासायचा. दिवसाआड. मियाँ खुर्चीचे हात घट्ट धरून बसत.

"हे बनतं कशापासून?" एकदा त्यांनी विचारलं.

"तांब्यापासून."

"वा! जन्मभर तांब्याला टोचलं, आता तांबं बदला घेतंय. घासा, जोरात घासा!"

तीन महिने मी घासलं. डोळे बरे व्हायचे सोडून आक्रसत चालले. खालची पापणी डोळ्याला चिकटू लागली, केस आत वळून बुबुळावर घासू लागले. मी चिमट्यानं ते उपटायचो. डॉक्टरांनी यावरही गाढ विचार केला. "मोरचूद रोज लावा," म्हणाले.

मियाँना तिखट खाववत नव्हतं, तोंड सोलल्यासारखं झालं होतं. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, तर उत्तर मिळालं, "हा डोळ्यांचा दवाखाना आहे." त्यावर मियाँ मला म्हणाले, "चुकलंच माझं. पुढच्या वेळी तोंड घरी ठेवून येईन."

पुढे डॉक्टर महिनाभर रजेवर गेले. त्यांच्या जागी एक उतारवयाच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी मियाँना बसवलं आणि स्वतःही बसल्या. हे आमच्याकडे नवीनच होतं. चिकटलेली पापणी पाहून त्या म्हणाल्या, "तोंड उघडा." हिरड्यांची साल निघालेली होती. सदरा वर करायला लावला, तर छातीवर पाण्याचे फोड.

"ही खुपरी नाही," बाई म्हणाल्या. "हा फोडांचा रोग आहे. कातडीवर येतो, तोंडात येतो, तसाच डोळ्यांतही. का होतो ते अजून कुणाला कळलेलं नाही. मोरचूद कुणी लावला?"

मी खडा ठेवलेल्या बशीकडे पाहत राहिलो.

बाईंनी मोरचूद बंद केला. एरंडेलाचे थेंब घालायला सांगितले, चिकटणारी पापणी काचेच्या कांडीनं हलकेच सोडवायला शिकवलं. पण डावा डोळा गेलाच. उजव्यानं मियाँनी आणखी दोन वर्षं कशीबशी नावं घातली. मग तोही मिटला.

महिन्याची रजा संपवून परतल्यावर डॉक्टरांनी बाईंनी लिहिलेला कागद वाचला होता, "असंही असू शकतं," म्हणाले आणि पुढच्या रोग्याची खुपरी शोधू लागले.

दोन्ही डोळे गेल्यावर मियाँच्या घरी मी आठवड्यातून दोनदा जायचो. रोग घशात उतरला होता, पाणी गिळायलाही त्रास होई. एका दुपारी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालताना माझ्याच्यानं राहवेना.

"मियाँ, मोरचुदानं वाईट होतंय, ते मला दुसऱ्याच महिन्यात दिसलं होतं. डॉक्टरांपुढे बोललो नाही."

मला वाटलं, नेहमीसारखा एखादा टोमणा मारतील आणि मी सुटेन.

"ठाऊक होतं," ते सावकाश म्हणाले. "तुम्ही खडा हलकेच फिरवायला लागला होतात."

"मग तुम्ही का नाही..."

"माझे डोळे खराब होते, साहेब. तुमचे तर चांगले होते ना?"

पंधरा दिवसांनी ते गेले.