भोंपू वाजला म्हणजे पोदेरच का?

माझी मुलगी कॉलेजात कॉम्प्युटरच्या मुलांना गणित शिकवते; प्रोग्रॅम बरोबर आहे हे त्याच गणिताने सिद्ध करायलाही शिकवते. काल ती चिडून आली.

"आई, पाववाला पोदेर आला की भोंपू वाजतो. मग भोंपू वाजला म्हणजे पोदेरच आला का? सगळा वर्ग हो म्हणाला!"

"हो कसं गो? नुस्तेवालाही भोंपू वाजवतो. पावाला धावले नि बांगडे घेऊन परतले, असं कितीदा झालं."

"हेच! उद्या वर्गात येऊन सांग."

"चौथी शिकलेली मी? शी!"

आज तिनेच ते सांगितलं. मुलं म्हणाली, "आम्ही पाव दुकानातून आणतो."

दुकान उघडं म्हणजे पाव असतोच का, असं मी तिथे विचारलं असतं. पण मी घरी भांडी घाशीत होते.