काका, डोकं!

शेजारी राहायला आला तेव्हा तो बास्केटबॉल खेळायचा. टीव्हीवरच्या मोठ्या लीगमध्ये नव्हे, आमच्या भागातल्या छोट्या टीममध्ये. उंची मात्र मोठ्या लीगची. खोटं सांगत नाही, त्याच्या खांद्यावर बसून माझ्या लेकीने छपराच्या पन्हळीतली पानं काढलीत आणि आडवे आलेले दोन-तीन ढगही बाजूला सारलेत.

आमच्या एडिसन गावातल्या घरातलं किचनचं दार त्याच्या भुवयांपर्यंत यायचं. तो दाराशी आला की घरात असेल तो ओरडायचा, "काका, डोकं!" मराठी त्याला एवढीच यायची. आपली खोडच ती, दोनदा अंगणात दिसला की माणूस काका होतो. हा तर दर सप्टेंबरला आमच्या ड्राइव्हवेत ग्रिल मांडून लाल ढबू मिरच्या भाजायचा. पोतीच्या पोती! सर्बियात म्हणे त्याशिवाय हिवाळ्याला आत येऊ देत नाहीत. त्याच निखाऱ्यांवर बायको ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेली वांगी टाकायची. त्याच्या मिरच्यांचं अयवार, आमच्या वांग्यांचं भरीत. धूर बघून एकदा फायर ब्रिगेड आली, तीही जेवून गेली.

अशाच एका सप्टेंबरला त्याचा फोन वाजला. टीमने त्याला काढलं होतं आणि ते कळवत होता कुणीतरी फॅन! त्याने हातातल्या चिमट्याचं कडं करून टाकलं. म्हणाला, "माझ्या हातात कधी सत्ता आली ना, तर मी समोर बसून सांगेन. तोंडावर."

पुढे गुडघे गेले. मग तो खेळाडू हेरायला लागला, हेरता हेरता त्याच टीमचा जनरल मॅनेजर झाला. लेकीला नेम त्यानेच शिकवलेला. तिने स्टॅटिस्टिक्स केलं आणि त्याच्याच ऑफिसात मॅचचे व्हिडिओ कापायला बसली. मराठी मंडळातल्या काकू विचारायच्या, "मग खरी नोकरी कधी?" ती हसायची. तिला जन्मात दुसरं काही नकोच होतं.

गेल्या सप्टेंबरला तो आला, मिरच्या भाजल्या. लेक शेजारी बसून सालं काढत होती.

"काका, नेक्स्ट सीझन कॅन आय ट्रॅव्हल विथ द टीम?"

"वी विल सी," तो मिरचीकडे बघत म्हणाला. भरीत दोनदा वाढून घेतलं. निघताना ती ओरडली, "काका, डोकं!" तो वाकला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं कार्ड ऑफिसच्या दाराला चालेना. वॉचमनने खाली मान घालून तिच्या सामानाचा खोका हातात दिला. खर्च कमी करायचा निर्णय आदल्या आठवड्यातच झाला होता. सही काकांची.

मी त्याच्या घराला आग लावायला निघालो होतो, काडेपेटी घेऊन कुंपणापर्यंत पोचलोही होतो. लेकच आडवी आली. "इट्स बिझनेस, बाबा. लीव्ह इट." त्यानंतर तिने बॉलला हात लावलेला नाही. गॅरेजमध्ये तो हवा जाऊन पोळीसारखा बसलाय.

यंदा तो अयवारची बरणी घेऊन आला. बायको गॅसपाशी, मी आणि लेक टेबलाशी. तिघांनीही त्याला येताना पाहिलं. तिघांचीही तोंडं बंद.

धाड! नेवार्कपर्यंतच्या गाड्या थांबल्या असतील. चौकटीला खोक पडली, ती अजून आहे.

कपाळ धरून तो इंग्रजीत म्हणाला, "आज कुणी ओरडलं नाही?"

आयुष्यात कुणाला वावगा शब्द न बोललेली माझी बायको चहा ढवळत मराठीतच म्हणाली, "आम्हाला तरी कुणी आधी सांगितलं होतं?"

त्याने लेकीकडे पाहिलं. "व्हॉट डिड शी से?"

लेक उठली, फ्रीजरमधून मटारची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. "शी आस्क्ड इफ यू वॉन्ट आइस."

एका हाताने त्याने मटार कपाळावर धरले. मग बरणी ओट्यावर ठेवून निघाला. या वेळी दाराशी आपणहून वाकला.