शेजारच्याची पहाट

आमच्या शेजारचा चक्कीवाला ख्रिस्ती आहे, याला माझी हरकत नाही. हरकत त्याच्या आवाजाला आहे. जन्मभर चक्कीच्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय. त्याच आवाजात तो रोज पहाटे अंगणात उभा राहून देवाशी बोलतो, जणू देव बहिरा आहे.

"प्रभू, गुरुजीची मूळव्याध बरी कर. कालबी मांगतलं, आजबी मांगून राह्यलो, उद्याबी मांगीन."

गुरुजी म्हणजे मी. दळण टाकायला गेलेली बायको त्याच्याजवळ बोलून बसली, आणि सख्ख्या भावाला न सांगितलेलं दुखणं अख्ख्या केळापूरला कळलं. मी हटकलं, तर म्हणाला, "दार उघडेपर्यंत ठोकाचं रायते, गुरुजी."

शेवटी यवतमाळला ऑपरेशन करून आलो आणि कुंपणाशी जाऊन त्याला खडसावलं, "डॉक्टरनं बरं केलं, तुमच्या बोंबलण्यानं नाही. आता ती मूळव्याध पुरे."

पिठानं पांढरे झालेले हात जोडून तो म्हणाला, "ठीक हाय."

दुसऱ्या पहाटे आवाज आलाच. "प्रभू, गुरुजीचा राग कमी कर."

मी तणतणत उठलो. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून बायको हळूच म्हणाली, "आमेन."